लाल फितीची घोडी

छगनची घोडी निवडली गेली, त्या दिवसापासून प्रेमचंदच्या घशाखाली घास उतरेना. डासांमुळे होणाऱ्या मेंदूच्या तापावर मेलेल्या विषाणूंची लस निघाली होती आणि ती जनावरांवर तपासायला पुण्याचे डॉक्टर ब्राह्मणपुरीत आले होते. छगनच्या घोडीला टोचायचं ठरलं, म्हणून त्यांनी तिच्या गळ्यात लाल फीत बांधली. प्रेमचंदची घोडी तुलनेसाठी न टोचता ठेवायची होती. वास्तविक दोघी सख्ख्या बहिणी, सारंगखेड्याच्या एकाच यात्रेत घेतलेल्या, ओळखू न येण्याइतक्या सारख्या.

"मन्ही घोडीले सरकारनी सुई लागनार शे," छगन ज्याला त्याला सांगत सुटला. यंदा यात्रेत मानाचा फेटा आपल्याच घोडीला मिळवायचा, असं प्रेमचंदने वर्षभर मनाशी धरलं होतं. आता ही सरकारी सुईवाली पुढे जाणार, या विचाराने तो नुसता जळत होता.

टोचायच्या दुपारी सगळं गाव कापूस वेचायला गेलेलं. प्रेमचंदने छगनच्या घोडीला घरामागे नेलं, तिच्या गळ्यातली फीत काढून आपल्या घोडीच्या गळ्यात बांधली आणि तिला छगनच्या दारी उभं केलं. कंपाउंडर परगावचा. त्याने फीत पाहिली, सुई टोचली आणि तो गेला. मग दोघी घोड्या आणि फीत परत आपापल्या जागी आल्या. पुढे छगन आपल्या घोडीच्या मानेला हळद लावत बसे आणि प्रेमचंद गालात हसे.

यात्रेच्या तोंडावर दोघींचं रक्त तपासून डॉक्टर आले, ते हरखूनच. टोचलेल्या घोडीत लसीचा मागमूस नव्हता आणि न टोचलेलीच्या रक्तात रोगाशी लढायची ताकद आपोआप आली होती!

"असं जनावर लाखात एक," ते प्रेमचंदला म्हणाले. "हिला पुण्याला नेतो. आता ही कायमची सरकारी. हरकत असेल तर आत्ताच सांगा."

खरं सांगितलं असतं तर घोडी राहिली असती. ते प्रेमचंदच्या ओठांवर आलंही, पण तेवढ्यात छगन पुढे सरकला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"साहेब, मन्ही घोडीमा काय खोट शे?"

ते तोंड पाहून प्रेमचंदच्या काळजाला गारवा वाटला. त्याने घोडीची दोरी डॉक्टरांच्या हातात दिली.

"लई जा साहेब. सरकारनं काम शे."

घरी येऊन कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवायला बसला. त्याच्या बायकोने, जसोदाबाईने, कौतुकाने आणखी एक भाकरी वाढली.

"घोडीले आंघोळ घालनी शे ना?" तिने विचारलं. "सकाळे यात्राले जानं शे."

प्रेमचंदचा घास पुन्हा घशातच अडकला.