आधी माझी पर्स

कुठल्याही मुलीच्या बॅगेची झडती घ्यायची वेळ आली की विद्याताई आधी स्वतःची पर्स टेबलावर उपडी करतात.

आमची इंग्लंडमधली, मिल्टन कीन्सची शाळा. मी तिथे सायन्स लॅबमध्ये टेक्निशियन, आणि विद्याताई मुलांच्या शिस्तीचं खातं सांभाळतात. मुलींची बॅग किंवा लॉकर तपासायला बाईच लागते, शिवाय एक साक्षीदार. माझी लॅब त्यांच्या खोलीला लागून, त्यामुळे साक्षीदार कायम मी.

"आधी माझी पाहून घे, मग तुझी दाखव." हे त्या इंग्रजीत म्हणतात, पण चाल अस्सल नागपुरी. मग टेबलावर दोन चष्मे, सुईदोरा, लोकरीचे मोजे, आल्याच्या वड्या आणि एकदा तर चक्क दाराची कडी. ती कुठल्या दाराची, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. एवढा पसारा बघून इयर टेनची, पंधरा वर्षांची सराईत मुलगीसुद्धा हसते आणि आपणहून व्हेप, म्हणजे ती ई-सिगारेट, काढून ठेवते.

तो आंब्याच्या वासाचा निघाला तर विचारूच नका. नाकाशी धरून त्या माझ्याकडे वळतात. "हा आंबा होय? अगे बाप्पा, आंब्यानं यांचं काय घोडं मारलं!"

प्रत्येक झडतीची नोंद करावी लागते. बाकीचे 'काही सापडलं नाही' लिहून मोकळे होतात. विद्याताई लिहितात, 'केळे, एक. पूर्ण काळे. बहुधा ख्रिसमसच्या आधीचे. आपण हे केळे ओळखत नाही, असे मुलीचे म्हणणे.'

गेल्या फेब्रुवारीत आमचे डेप्युटी हेड मिस्टर पामर केटीला घेऊन आले. इयर नाइनची, मितभाषी मुलगी. रोज ब्रेकमध्ये बॅगेसकट टॉयलेटमध्ये कोंडून घ्यायची. "नक्की व्हेप," म्हणून ते बाहेर थांबले.

पर्स उपडी झाली. केटी हसली नाही. बॅग छातीशी घट्ट धरून म्हणाली, "प्लीज मिस, माझी उपडी नका करू."

"बरं, तूच उघड."

तिनं हळूच चेन ओढली. आत बुटांचा खोका, झाकणाला भोकं. झाकण उचललं तर एका हॅमस्टरनं मान वर काढून विद्याताईंकडे पाहिलं.

विद्याताई उंदराच्या जातीला किती घाबरतात, हे मला त्या क्षणी कळलं. "माय गे!" म्हणून त्या थेट खुर्चीवर उभ्या! केटीला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायलाच लागली.

घरमालकानं घर विकायला काढलं होतं. केटी आणि आई आता कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, दिलेल्या एका खोलीत राहत होत्या. तिथं प्राणी चालत नाहीत, आणि मॅनेजर दिवसा खोल्या तपासून जातो. म्हणून बिस्किट, म्हणजे हा हॅमस्टर, शाळेत यायचा. शाळेत तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं.

हे सगळं विद्याताईंनी खुर्चीवरूनच ऐकलं. मग उतरल्या, दार उघडलं.

"व्हेप?" पामरनी विचारलं.

"नाही. हॅमस्टर. बंदीच्या लिस्टमध्ये चाकू आहे, दारू आहे, फटाके आहेत. हॅमस्टर कुठं आहे ते दाखवा."

पामरनी फोनवर यादी उघडली आणि खरंच शेवटपर्यंत वाचली. "पण शाळेत ठेवता येणार नाही, विद्या."

"शाळेत ठेवतंय कोण? मी घरी नेते."

बोलून गेल्या आणि त्यांचाच चेहरा उतरला. केटीच्या आईला फोन झाला, तिनं चारदा थँक यू म्हटलं. त्या दिवशीची नोंद होती, 'हॅमस्टर, एक. तब्येत उत्तम. साक्षीदार घाबरली नाही. तपासणारी घाबरली.'

पहिला आठवडा विद्याताई ओव्हनचे हातमोजे घालून त्याला खायला देत होत्या. केटी आणि तिची आई दर शनिवारी भेटायला यायच्या.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेले. हॉलमध्ये बूट काढत होते, तर त्या किचनमध्ये कोणाशी तरी बोलत होत्या. "काकडी नाही आवडत तर सांगायचं ना बे! रुसून काहून बसून राह्यला?"

"अमेयचा फोन का?" मी विचारलं. अमेय त्यांचा मुलगा, ग्लासगोला असतो.

"नाही वं. अमेयशी सारं इंग्रजीतच. याच्याशी बोलत होती." त्यांनी पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. "हे गेले तेव्हापासून या घरात आपली बोली बंदच होती. तीन वर्षं. तुझं पुणेरी, तुझ्याशी जपून बोलावं लागते."

मग काकडी आणखी बारीक चिरत म्हणाल्या, "केटीला फ्लॅट भेटला. शनिवारी ती नेते याला. चांगलं झालं."

मी चहाचं भांडं गॅसवर ठेवलं आणि जमेल तसं त्यांच्या बोलीत म्हटलं, "जपून काहून बोलून राह्यल्या बाप्पा, ताई?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. इतक्या हसल्या, की चष्मा काढून पुसावा लागला.

"सारं चुकलं तुझं," त्या म्हणाल्या. "पण बोल. बोलत जा."