आधीच पार पडलेलं जावळ

विजयमालाबाईंचा थोरला उदयसिंह सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात जनसंपर्क अधिकारी होता. म्हणजे नेमकं काय करतो, हे बाईंना कधी उमगलं नव्हतं. ऊस तोडत नव्हता, गाळत नव्हता, वजनकाट्यावरही बसत नव्हता. चेअरमन काय बोलले ते पेपरला कळवायचं, आणि बोलले नाहीत तरी कळवायचं, याचा त्याला पगार होता. वर विश्रामबागेत ब्लॉक!

"आई, बातमी आदल्या दिवशीच लिवून धाडावी लागती," तो एकदा समजावत होता. "कार्यक्रम हुईस्तवर थांबलं तर पेपरात जागा उरत न्हाई."

"म्हंजे बाळंत व्हायच्या आदी बारसं!" बाई म्हणाल्या.

तर नातवाचं जावळ निघालं. साताऱ्याजवळच्या गावी मांडव पडला, बकरी कापली, धुळा न्हावी वस्तऱ्याला धार लावून बसला. ऊन डोक्यावर आलं. पण मामानं मांडीवर घेऊन पहिली बट कापल्याशिवाय वस्तरा लागत नाही, आणि सून दीपमाला हिचे भाऊ, मेढ्याचे नानासो, यांचा पत्ता नव्हता. पाव्हणे रश्श्याच्या वासानं खाकरायला लागले. पहिल्या नातवाचं जावळ मामावाचून अडलं, ही गोष्ट भावकी जन्मभर पुरवून पुरवून खाणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

उदयसिंहानं शेजारच्या घरातून मेढ्याला फोन लावला. बाई रिसीव्हरला कान भिडवून उभ्या राहिल्या.

"दाजी, परत कशाला बोलावताय? मी येऊन गेलो की!"

"कवा?"

"आजच्या पेपरात हाय, मानसं सांगत्यात. भाच्याला मांडीवर घेतला, बट कापली, आशीर्वादाचं भाषण बी ठोकलं. लय टाळ्या पडल्या म्हनं. आता दमून पडलोय."

उदयसिंहाचं तोंड उतरलं. बातमी उद्याच्या अंकासाठी धाडली होती. पेपरवाल्यांना कोपरा रिकामा दिसला, त्यांनी आजच चिकटवली.

"नानासो, ती आगाऊ पाठवलेली बातमी..."

"बातमी आगाऊ, आन् बोलावणं पोस्टानं! नारळ घिऊन दारात मानूस आला का?"

बाईंनी लेकाला कोपर ढोसलं. साऱ्या जिल्ह्याशी संपर्क ठेवणाऱ्याला मेव्हण्याच्या दारात जायला सवड झाली नव्हती.

"येतो मी," पलीकडून नानासो म्हणाले, "पर पेपरात छापलंय तसं समदं झालं पायजे." आणि फोन ठेवला.

"काय छापलंय गं? वाच," बाईंनी सुनेला हुकूम सोडला.

दीपमालानं पेपर उलगडला. तिला काही घाई नव्हती. "'मामांचे वाजतगाजत आगमन झाले. मातोश्री विजयमाला यांनी स्वतः वेशीवर सामोरे जाऊन त्यांना श्रीफळ दिले.'"

मुलाच्या आईनं सुनेच्या भावाला आणायला वेशीवर जायचं? व्याह्यांकडचं माणूस आलं तर बाई आजवर झोपाळासुद्धा थांबवत नसत.

"ह्ये कुनी लिवलं?"

"बातमीला जरा उठाव लागतो, आई," उदयसिंह पुटपुटला.

"तुझ्या उठावानं मला बसवली की रं! फुडं वाच गं."

दीपमालानं पुढचं वाचलं, पण आता जरा चाचरत. बाईंच्या कपाळावरची आठी मात्र हळूहळू मिटली. पदर सावरत त्या उठल्या.

"वाजंत्रीवाल्यास्नी उठवा. नारळ आना. चांगला मोठा बघून."

नानासो वेशीवर जीपमधून उतरले ते मिशीला पीळ देतच. सारा गाव गोळा झाला होता. बाईंनी त्यांच्या हातात नारळ दिला आणि त्यावर घडी करून पेपर ठेवला.

"आता फुडची वळ तुमीच वाचा, पाव्हणं. मोठ्यानं. गावाला ऐकू जाऊ द्या."

नानासोंनी ऐटीत सुरुवात केली, "'मामांनी आपल्या गळ्यातील सोन्याची साखळी काढून...'" आणि हसू मिशीतच मुरलं.

"...'भाच्याच्या गळ्यात घातली,'" गर्दीतल्या कुणीतरी ओळ पुरी केली. पेपर एव्हाना नानासो सोडून सगळ्यांनीच वाचला होता.

"छापल्यापरमानं," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

साखळी भाच्याच्या बेंबीखाली पोचली, तेव्हा कुठं धुळ्याचा वस्तरा चालला.

संध्याकाळी उदयसिंह खाली मान घालून आईसमोर उभा राहिला. "चुकलंच माजं. परत आगाऊ काय लिवनार न्हाई."

"लिवनार न्हाई कसं?" बाई पानाला चुना लावत म्हणाल्या. "फुडं पोराचा वाढदिवस हाय. फकस्त धाडायच्या आदी मला वाचून दावत जा. सोन्याचं कडं ऱ्हायलंय."