सत्तर टनांवर हुकूम चालवणारे अण्णा

येलहंक्याच्या आमच्या सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी मी गाडी पार्किंगमध्ये मागे घेत होतो. एकाएकी समोर एक सडसडीत गृहस्थ उभे राहिले. दोन्ही हातांत टेबल टेनिसच्या बॅटा.

"आरशात बघू नका," ते शांतपणे म्हणाले. "माझ्याकडे बघा."

मी बघितलं. बॅटा डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या, डोक्यावर जाऊन एकमेकींवर आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला. उतरून पाहिलं, तर गाडी दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्ये उभी होती.

हे तवनप्पा चौगुले, मूळचे निपाणीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. विमानतळावर उतरलेलं विमान हाताच्या खुणांनी जागेवर आणून उभं करायचं, हे त्यांचं काम.

"पायलटला विमानाच्या नाकाखालची, जमिनीवरची पिवळी रेष दिसत नाही," त्यांनी मला पहिल्याच चहाला समजावलं. "ती मला दिसते. सत्तर टनांचं विमान माझं ऐकतंय, मग तुमच्या गाडीला ऐकायला काय झालं?"

वॉचमन शिट्टी मारून गाड्या मागे घेतो, याचा अण्णांना मनापासून त्रास होतो. "शिट्टी बस स्टँडवर," म्हणतात. गणपतीची मूर्ती आणणारा टेम्पो दरवर्षी तेच मंडपापर्यंत आणतात. गेल्या वर्षी मूर्ती चौरंगापासून वीतभर अलीकडे थांबली. ड्रायव्हर कन्नडमध्ये म्हणाला, "सरी सार, साकु," म्हणजे ठीक आहे, पुरे झालं. अण्णा बॅटा खाली करेनात. "स्वल्प पुढे," एवढंच म्हणाले. टेम्पो वीतभर पुढे आला, तेव्हाच आरती सुरू झाली.

घरी तर बोलायची गरजच पडत नाही. त्यांच्या पत्नी विमलाक्का भात वाढत असतात आणि पुरे झाला की अण्णा डोक्यावर दोन्ही हात आडवे धरतात. "पाहुण्यांसमोर तरी तोंडानं सांगा की ओ," अक्का म्हणतात. अण्णा हात तसेच ठेवून मान हलवतात.

त्यांची एकुलती एक मुलगी रश्मी. तिला जर्मनीत पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. दिल्लीमार्गे जाणारं दुपारचं विमान होतं. तिला सोडायला माझ्या गाडीतून अक्का आल्या, मावशी आल्या, पण अण्णा आले नाहीत. "ड्युटी आहे," म्हणाले. पोरगी विमानतळाच्या दाराशी आईच्या गळ्यात पडून रडत होती. परतताना मला अण्णांचा रागच आला.

रविवारी न राहवून मी विचारलंच. "अण्णा, एक दिवस रजा मिळाली नसती?"

"रजाच होती," अण्णा म्हणाले. "आठवड्याची सुट्टी. ती बदलून ड्युटी मागून घेतली. तिचं विमान मीच सोडलं."

अण्णा सांगत राहिले. निघणारं विमान आधी ट्रॅक्टरनं मागे ढकलतात. मग पुढच्या चाकातली पिन काढायची आणि ती लाल फीत लावलेली पिन उंच धरून पायलटला दाखवायची. विमान मोकळं झालं, असा त्याचा अर्थ.

"पिन दाखवली. पायलटनं आतून हात केला. तिचा सीट नंबर मी घेतला होता, उजव्या बाजूची खिडकी. पण मागे ढकलून विमान वळवलं आणि माझ्यासमोर डावी बाजू आली. पंचवीस वर्षं हेच करतोय, पण त्या दिवशी माझ्या ते ध्यानातच आलं नाही."

"मग?"

"मग काय. काचा उन्हात नुसत्या चमकत होत्या, आतलं काही दिसेना. पुढच्या खिडकीपासून सुरुवात केली आणि शेपटापर्यंत सगळ्या खिडक्यांना हात केला. एकही सोडली नाही."

सांगताना वर गेलेला हात अण्णांनी खाली घेतला.

"काल तिचा फोन आला. म्हणाली, डावीकडच्या खिडकीतली दिल्लीची बाई सगळ्यांना विचारत होती, हा माणूस एवढा वेळ कुणाला हात करतोय. पोरगी पलीकडून वाकून बघत होती. घाईत त्या बाईला मराठीतच सांगितलं, 'मला. ते माझे बाबा आहेत.'"