पोत्यातला अर्थसंकल्प

बाजरीचा एक दाणा साधारण दहा मिलिग्रॅम भरतो. विज्ञानाच्या शॅरन मॅडमनी प्रयोगशाळेच्या तराजूत हजार दाणे टाकून ते पडताळलं होतं. एक दाणा एक कोटी रुपयांचा मानला, तर लाख कोटी म्हणजे एक किलो, आणि देशाचा पन्नास लाख कोटींचा अर्थसंकल्प म्हणजे पन्नास किलोंचं एक पोतं. अकरावीच्या मुलांना शून्यं मोजून काही कळेना, म्हणून अर्थशास्त्राच्या इसहाक सरांनी सोमवारच्या प्रदर्शनासाठी ही युक्ती काढली होती.

शनिवारी संध्याकाळी दोघांनी मिळून पोतं शिवलं.

"आपण प्रयोगशाळेसाठी मागितलेले चाळीस हजार यात कुठे?" शॅरनने विचारलं.

"दाण्यावरची धूळ."

"आणि मला पुण्याला मिळणाऱ्या नोकरीचे वर्षाला बारा लाख?"

सरांनी पोत्यावर 'भारताचा अर्थसंकल्प' अशी चिठ्ठी लावली. "दाण्याचा आठवा भागही नाही."

'तेवढ्यासाठी जाऊ नका,' एवढं तरी ते म्हणतील म्हणून ती सुतळीला नको तितक्या गाठी मारत राहिली. कित्येक वर्षं ती अशीच थांबत आली होती. सोमवारी पुण्याला काय ते कळवायचं होतं.

सर म्हणाले, "इथं उंदीर फार झालेत. पोतं चर्चच्या व्हरांड्यात ठेवू."

दुसऱ्या दिवशी हंगामाचा सण आहे, हे दोघांना माहीत होतं. त्या दिवशी व्हरांड्यातलं धान्य देवाला वाहिलेलं धरतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, हेही माहीत होतं. पण त्या संध्याकाळी दोघांच्या डोक्यात वेगळंच काही चाललं होतं.

रविवारी भोपळे गेले, कोंबडा गेला, आणि लिलाव पुकारणाऱ्या डॅनीकाकांनी पोत्यावरची चिठ्ठी वाचली. "भारताचा अर्थसंकल्प! लई जड हाय. कोन घेतंय?"

"काका, ते प्रदर्शनाचं आहे!" सर धावत आले.

"देवाला वाहिल्यालं परत मागत्यात व्हय, सर? बोली लावा."

"हजार," मालनबाई म्हणाल्या.

"दोन हजार!" सर ओरडले.

"मास्तर एवढं ताणतोय म्हंजी बाजरी भारी असनार," मालनबाई शेजारणीच्या कानात बोलल्या. "अडीच!"

ते ऐकून शेजारीणही लिलावात उतरली. सरांची बोली सात हजारांवर गेली तेव्हा सर घामाने भिजले होते आणि दोघी दमल्या होत्या.

"देश सात हजारात गेला!" काकांनी पुकारलं.

धान्य ज्या घरी जाणार, त्या घरासाठी सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना करायची, अशी इथली रीत. मंडळी उभी राहिली.

"कुनाच्या घरी टाकू, सर? तुमी तर डब्यावर जेवता."

सरांनी शॅरनकडे पाहिलं. तोंड उघडलं. "ते... पन्नास लाख कोटी..."

"घर इचारलंय. आकडा न्हाई."

मंडळी हात जोडून वाट बघत होती. सरांच्या बाहीला एक दाणा चिकटला होता. शॅरनने तो चिमटीत काढला आणि मुठीत धरला.

"आमच्या घरी टाका, काका."

"तुमच्या? तू तं पुन्याला चाललीस ना, पोरी?"

"नाही जात. आमच्या म्हणजे सरांच्या आणि माझ्या," ती म्हणाली. "एवढी बाजरी एकट्याला संपायची नाही."