बेचाळीस साक्षीदार आणि एक बॅग

वर्गात धावू नये, अशी पाटी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात लावलेली आहे.

पुठ्ठ्याला लावलेली खळ वाळायला चार तास लागतात. घाई केली तर पुस्तक उघडताना कुरकुरतं.

"चोर सहा फूट उंच, गोरा, अंगाने खेळाडूसारखा होता." (साक्षीदार क्रमांक सात.)

"चोर ठेंगणा, सावळा होता आणि त्याला धाप लागली होती." (साक्षीदार क्रमांक आठ. ही सातच्या शेजारीच बसते.)

साक्षीदार खोटं बोलत नाही. जे त्याला दिसलं नाही, ते तो रोजच्या ओळखीच्या चेहऱ्यातून भरून काढतो. (पाठ्यपुस्तक, पान अठ्ठ्याऐंशी. खप दोनशे बारा प्रती, पैकी पन्नास लेखकाच्या माळ्यावर.)

"अहो, चष्मा डोक्यावर आहे."

यातलं शेवटचं वाक्य पुरावे सरांची बायको रोज सकाळी म्हणते. पुरावे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बावीस वर्षं ते कॉलेजात फौजदारी न्याय शिकवत आहेत, आणि कोणी काहीही सांगितलं, अगदी बाहेर ऊन आहे असं सांगितलं, तरी ते "पुरावा?" म्हणून विचारतात. विद्यार्थ्यांनी बारसं केलं ते कायमचं चिकटलं.

सरांना एक दुसरंही आयुष्य होतं. तरुणपणी तुरुंगांवर लिहिलेला त्यांचा निबंध सात नियतकालिकांकडून परत आला होता. सातव्याने शेरा मारला होता, 'वाचताना हसू आवरत नाही.' सरांनी आठवडाभर तोंड पाडलं आणि मग शेरा मनावर घेतला. आज टोपणनावाने त्यांच्या पाच विनोदी कादंबऱ्या होत्या आणि सहावी पूर्ण होत आली होती. कॉलेजात कुणाला पत्ता नव्हता. प्राध्यापक विनोदी लिहितो हे कळलं की त्याचे गंभीर लेखही लोक हसण्यासाठी वाचतात, अशी त्यांना भीती होती. त्यांचे गंभीर लेख मुळात कोणी वाचत नाही, हा मुद्दा बायकोने एकदा काढला होता. सरांनी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देऊन टाकलं होतं.

सहाव्या कादंबरीचं नाव 'खुर्चीचा जामीन'. तिच्यात एक विभागप्रमुख होता. समोरच्याचा प्रश्न संपण्याआधी उत्तर देणारा, डोक्यावर चष्मा ठेवून सबंध ऑफिस पालथं घालणारा, प्रत्येक समारंभात स्वतःचंच पुस्तक बक्षीस देणारा. तो कोणावर बेतला आहे, हे सरांच्या मते आंधळ्यालाही कळलं असतं. त्यांच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते. पुढचा प्रमुख कोण, याची शिफारस ते शुक्रवारी तीन वाजता करणार होते. बावीस वर्षं सर त्या खुर्चीकडे डोळे लावून बसले होते, आणि तिच्यात बसलेल्या माणसाची एकशे ऐंशी पानं रेवडी उडवलेली कादंबरी त्यांच्या बॅगेत होती. टाइपरायटरवर टंकलेली. एकुलती एक प्रत.

ती बॅग सोमवारी गेली.

दरवर्षी टर्मच्या मध्यावर सर एक नाटक बसवत. तास रंगात आला की कोणीतरी वर्गात घुसायचं, टेबलावरची बॅग उचलायची आणि पसार व्हायचं. मग सर कोरे कागद वाटून म्हणायचे, "लिहा, चोर कसा होता." बेचाळीस कागदांवर बेचाळीस चोर निघायचे आणि पान अठ्ठ्याऐंशी सिद्ध व्हायचं. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना कधीच आधी सांगत नसत. आम्ही फसलो, तुम्हीही फसा, एवढा न्याय त्यांना पहिल्याच वर्षी कळलेला असे.

यंदा चोर होते शिपाईमामा. मामांना सगळी मुलं ओळखतात ही अडचण सरांच्या लक्षात आली होती, म्हणून त्यांना हेल्मेट घालून यायला सांगितलं होतं. वेळ अकरा वीस.

अकरा दहाला एक माणूस आत आला, त्याने बॅग उचलली आणि निघून गेला. धावलाही नाही. भराभर चालत गेला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. गेल्या बावीस वर्षांत त्यांनी एकाही चोराकडे पाहिलेलं नव्हतं. त्यांना बघायचे असत ते विद्यार्थ्यांचे चेहरे, आणि आज ते फार सुंदर दिसत होते.

"लिहा," सर म्हणाले. "एकमेकांशी बोलायचं नाही."

मुलं लिहीत असताना दार किलकिलं झालं आणि एक हेल्मेट आत डोकावलं.

"सर, येऊ का?"

"दोनदा नको, मामा. छान झालं. दहा मिनिटं लवकर आलात मात्र."

"काय छान झालं?"

"चोरी."

"ती तर मला करायचीय," मामा म्हणाले.

वर्गाने दोघांकडे पाहिलं. मागच्या बाकावरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. हा प्रयोगाचाच पुढचा भाग आहे, अशी सगळ्यांची समजूत झाली आणि पुढचे दोन दिवस ती काही केल्या हलली नाही.

पोलीस ठाण्यात फौजदारबाई होत्या. सर दिसताच त्या उठून उभ्या राहिल्या.

"बसा सर. ओळखलंत?"

"ओळखलं की. तुम्ही..."

"नाही ओळखलंत. साक्षीपुराव्याच्या पेपरात तुम्ही मला एकेचाळीस मार्क दिले होते. असू दे. बॅगेत काय होतं?"

खोटी माहिती पोलिसांना दिली तर काय होतं, हे ते दर बुधवारी शिकवत.

"संशोधन," ते म्हणाले.

"कशावर?"

"सत्तेच्या जागी बसलेल्या माणसाच्या वर्तनावर."

बाईंनी ते लिहून घेतलं. "आणि चोर कसा होता?"

"मी पाहिला नाही."

"तुमच्यापासून किती लांब होता?"

"दीड हात."

बाईंनी पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. "काळजी करू नका, सर. साक्षीदार बेचाळीस आहेत. एकेकाला वेगळं बसवून विचारते. एकमेकांशी बोलू देत नाही. तुम्हीच शिकवलंय."

मंगळवारी चोरीची बातमी मोठ्या साहेबांपर्यंत गेली. साहेब कमी बोलत. त्यांनी सरांना बोलावून पाणी दिलं आणि म्हणाले, "फार वाईट झालं. इतकी वर्षं तुम्ही संशोधन करताय आणि मला बोलला नाहीत. विषय सत्ता आहे म्हणे. कागद मिळाले की मला आधी दाखवा. शिफारशीत घालता येईल."

"दाखवीन," असं सर म्हणाले ते साहेबांचं वाक्य अर्ध्यात असतानाच, आणि उरलेलं वाक्य त्यांना मग कळलं. कागद मिळाले नाहीत तर कादंबरी गेली. मिळाले तर खुर्ची गेली. देवाकडे मागावं तरी काय, असा प्रसंग.

बुधवारी फौजदारबाई स्वतः विभागात आल्या. बेचाळीस जबान्या एकत्र करून, संगणकावर चेहऱ्याचे भाग जुळवून चोराचं चित्र तयार झालं होतं. "उंची-रंगावर कोणाचं जमत नाही," त्या म्हणाल्या, "पण चेहऱ्यावर आश्चर्य वाटावं इतकं एकमत आहे." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. कपाळ मोठं. डाव्या कानाखाली तीळ. उत्तर तयार असल्यासारखं किंचित उघडं तोंड. चष्मा डोक्यावर.

सर बराच वेळ पाहत राहिले. "या माणसाला मी कुठेतरी पाहिलंय," ते म्हणाले. "फार आगाऊ दिसतो."

चहा ठेवायला आलेले शिपाईमामा खांद्यावरून डोकावले.

"रोज पाहता, सर. आरशात."

सरांनी चष्मा शोधण्यासाठी खिसे चाचपले, मग डोक्यावरून काढून डोळ्यांवर लावला, आणि पुन्हा चित्र पाहिलं. पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा उजळला.

"पान अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. "बघा, बाई. चोर कोणालाच नीट दिसला नाही. मुलं रोज तासभर माझं तोंड बघतात, त्यांनी तेच भरून काढलं. बेचाळीसपैकी बेचाळीस. याच्यावर पेपर होईल."

"होईल, सर. पण माझ्या फाइलला पेपर चालत नाही. फाइलप्रमाणे तुमची बॅग तुम्हीच पळवलीत. सोमवारी अकरा दहाला कुठे होतात?"

"वर्गात."

"साक्षीदार?"

सरांनी तोंड उघडलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा काही न बोलता मिटलं.

"शनिवारपर्यंत दुसरा चेहरा मिळाला नाही तर जबाबाला या," बाई उठत म्हणाल्या. "एकेचाळीस मार्कांचं मनात ठेवलेलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

शुक्रवारी दोन वाजता, शिफारशीच्या तासभर आधी, मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. टेबलावर लाल रेक्झिनचं एक जाडजूड पुस्तक होतं. कॉलेजच्या तळघरातल्या बाइंडरकडून बांधून आलेले प्रबंध सहीसाठी साहेबांकडे येत, त्या गठ्ठ्यातलं. कण्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं: खुर्चीचा जामीन.

सरांनी खुर्चीचा हात धरला.

"बसा," साहेब म्हणाले. "हे गठ्ठ्यात आलं. लेखकाचं नाव नाही. कोणा विद्यार्थ्याचा प्रबंध असेल म्हणून चाळायला घेतलं, तर काल दुपारपासून खाली ठेवलेलं नाही. मीटिंगला गेलो नाही."

"साहेब, मी खुलासा करतो..."

"करू नका. आधी ऐका. अवघड जातं तुम्हाला, पण ऐका." साहेबांनी पुस्तक उघडलं. ते जरा कुरकुरलं. "यात एक विभागप्रमुख आहे. कोणाचं ऐकून घेत नाही. चष्मा डोक्यावर असतो आणि ऑफिसभर शोधतो. निरोप समारंभात स्वतःचं पाठ्यपुस्तक वाटतो. मी इतका हसलो, की मामा पाणी घेऊन आले. मग वाईट वाटलं. कोणीतरी तुमची फार जिव्हारी टिंगल केली आहे."

"माझी?"

"तुमचीच. मागच्या निरोप समारंभात लायब्ररीवाल्या बाईंना तुम्ही काय दिलंत?"

सरांना आठवलं. माळ्यावर आता पन्नास प्रती उरल्या होत्या; ती एक्कावन्नावी होती.

"लेखक शोधून कारवाई करायची असेल तर मी पाठीशी आहे," साहेब म्हणाले. "माझं विचाराल तर सोडून द्या. बाकी पोरगं हुशार आहे. या माणसाच्या डोक्यात काय चालतं, ते त्याला आतून माहीत आहे."

"आणि शिफारस?" सरांनी विचारलं.

"काल दुपारपर्यंत दुसरं नाव होतं." साहेबांनी पुस्तक मिटलं. "पण हा माणूस खुर्चीत बसलेला एकशे ऐंशी पानं पाहिला, आणि आता दुसरं कोणी डोळ्यांपुढे येईना. शिवाय शेवटच्या पानापर्यंत त्याचा कोणाला त्रास असा होत नाही. तुमचं नाव दिलंय. ते संशोधन सापडलं की दाखवायला विसरू नका."

चार वाजता सर नियोजित विभागप्रमुख झाले. हातात लाल पुस्तक घेऊन ते घरी आले तेव्हा बायको कपाटाला तेल देत होती.

"एक विचारू?"

"विचारा की. मी आडवी येत नाही कधी."

"माझी ही नवी कादंबरी तू वाचलीस. त्यातला विभागप्रमुख कोण वाटतो तुला?"

"कोण म्हणजे? तुम्ही." तिने बिजागरीवर आणखी एक थेंब टाकला. "तुमच्या पाचही पुस्तकांत तुम्हीच असता. एकदा जेलर, एकदा न्यायाधीश. मी माझ्या बहिणीला सांगते, आमच्याकडे तसा वैताग आहे, पण माणूस मोकळ्या मनाचा. स्वतःवर इतकं हसणारा दुसरा पाहिला नाही. का, तुम्हाला कोण वाटला?"

सर काहीच बोलले नाहीत. बायकोने वळून पाहिलं. एवढा वेळ गप्प म्हणजे बरं वाटत नसेल, असं समजून तिने पाणी आणलं, आणि त्यांच्या डोक्यावरचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

शनिवारी ते जबाबाला गेले. चोराबद्दल नवीन काही सांगण्यासारखं आहे का, असं फौजदारबाईंनी विचारलं. सरांनी प्रश्न पूर्ण होऊ दिला, आणि नाही म्हणाले.

टर्मच्या पहिल्या आठवड्यात, जुने अहवाल बांधायला टाकताना, पुरावे सरांनी तळघरातल्या बाइंडरला सांगितलं होतं, की पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी अकरा दहाला वर्गात यायचं, टेबलावरची बॅग उचलून न्यायची, आत कागद असतील ते सुटे राहू द्यायचे नाहीत, आणि पोलीस आले तरी महिनाभर तोंड उघडायचं नाही. मग हे सांगितल्याचं ते डोक्यावरच्या चष्म्यासारखं साफ विसरले, आणि मामांना हेल्मेट आणायला सांगून आले.