सायमा सिस्टरचे अनधिकृत हसू

करुणा ही मानवाची सर्वोच्च भावना असून ती प्रत्येक पाळीत प्रत्येक रुग्णाकडे किमान चार वेळा व्यक्त होणे आवश्यक आहे, असे परिपत्रक पनवेलच्या आमच्या रुग्णालयाने काढले, याचा मला अभिमान आहे. (मसुदा माझाच.) वाक्यही ठरवून दिले: ‘मी तुमच्या भावना समजू शकते.’ सोबत खांद्यावर हात, चार सेकंद. (पाचव्या सेकंदापासून जिव्हाळा सुरू होतो, त्याची तरतूद नाही.)

जासईच्या चंद्रावतीआजी खुब्याच्या ऑपरेशननंतर दोन दिवस जेवल्या नव्हत्या. मुलगा हरेश राहायला रोडपालीला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण तो काळजी फोनवरून घेत असे. सायमा सिस्टरने नियमाप्रमाणे हात ठेवून वाक्य म्हटले.

“कशी समजशील गो?” आजी म्हणाल्या. “तुजं हाड मोडलंय का?”

इथे सायमा हसली. (परिपत्रकात हसणे नाही.) वर खरे बोलली, “नाही समजत, आजी. पण तुम्ही जेवत नाही म्हणून माझाही डबा तसाच पडलाय. पोटात कावळे ओरडतायत.”

“मंग सांगाचं नाय का? आन तुजा डबा.”

दोघी जेवल्या. कालवणात मीठ कमी आहे, असे आजींचे मत पडले. सायमाला ते मान्य नव्हते. भांडता भांडता आजींनी दोन भाकऱ्या संपवल्या. प्रकृती सुधारली, शिस्त मात्र ढासळली.

भांडणाचे फोनवर ऐकून तिसऱ्या दिवशी हरेश आला आणि आईच्या आधी तक्रारवहीला भेटला: ‘सिस्टर आईशी भांडतात.’ चौकशी बसली. नोकरी जाणार, या धास्तीने सायमा रडवेली झाली. (रडण्यास हरकत नाही, गणवेश बदलल्यावर.) आजींची साक्ष घेतली.

“भांडली ना! घरात माज्याशी भांडाला तरी कोन हाय?”

समितीने ‘भांडण सिद्ध’ अशी नोंद केली. सायमाची बदली एक्स-रे विभागात झाली. तिथे माणसांना फक्त श्वास रोखून धरायला सांगायचे असते. आजींनी पुन्हा ताट दूर सारले, तेव्हा आम्ही त्यांना तातडीने घरी सोडले. कागदावर लिहिले: ‘गोळ्या दिवसातून दोनदा. भावनिक काळजी नातेवाइकांनी घ्यावी.’

हरेशने ते दोनदा वाचले. “म्हणजे नक्की काय करायचं, साहेब?”

प्रश्न रास्त होता. म्हणून दर रविवारी आम्ही नातेवाइकांचा वर्ग सुरू केला आहे. विषय: आईशेजारी बसणे (प्राथमिक). जागा वीस, प्रतीक्षायादी सातशेची. वाचकहो, तुम्ही हसताय, पण यादीत तुमचेही नाव आहे. तुमच्या आईने स्वतः येऊन नोंदवले आहे.