पिवळा अर्ज, हिरवा अर्ज

गणवेशाच्या कारखान्यात कॉलरची दोन मशिनं होती आणि पहिल्या तारखेपासून एकच राहणार होतं. एकावर कॉलरवाली तासाला अठ्ठावीस शिवायची. दुसऱ्यावरचा माणूस परका होता आणि चाळीस शिवायचा.

जेवणाच्या सुट्टीत कॉलरवाली परकीय तक्रार कक्षात गेली. कारकुनाने तिला नियम शांतपणे समजावला. परका माणूस तक्रारदाराचंच काम करत असेल तर तो उपरा, दुसरं काही करत असेल तर पाहुणा. उपऱ्याला त्याच्या देशी परत धाडण्यासाठी पिवळा अर्ज, पाहुण्याच्या आभाराचा हिरवा.

तिने पिवळा झरझर भरला आणि मग घुटमळली. त्याच माणसाची बायको कॉलरवालीचं सात महिन्यांचं बाळ सांभाळायची. दुसऱ्या कुणाकडे दिलं की ते घर डोक्यावर घ्यायचं.

"दादा, तिला नाही ना धाडणार?"

"ती कॉलर शिवते का, ताई?"

"नाही हो."

"मग पाहुणी. हिरवा भरा."

हिरवा तिने अगदी मनापासून भरला. रकाना पुरेना, तेव्हा समासात लिहिलं, की बाळाचा पहिला दात आधी यांनाच दिसला.

इकडे गल्लीतल्या पाळणाघरवालीनेही दोन अर्ज दिले होते. पिवळा त्या बायकोविरुद्ध, हिरवा नवऱ्याच्या आभाराचा, कारण पाळणाघराचे पडदे तो फुकट शिवून द्यायचा. कक्ष निःपक्षपाती होता. दोन्ही पिवळे मंजूर झाले. हिरव्यांवर कार्यवाहीची तरतूद नव्हती, म्हणून ते नीट बांधून माळ्यावर ठेवले.

नवरा-बायको गेले. पाळणाघरवाली वर्षाच्या आतलं मूल घेत नसे. कॉलरवाली तीन दिवस बाळाला घेऊन घरी बसली. चौथ्या दिवशी मुकादमाचा निरोप आला, की आता शिवलेल्या कॉलर सीमेपलीकडून मागवणार, तुम्ही येऊ नका.

त्या कॉलर जिथे शिवल्या जायच्या, त्या गावात तिची बहीण राहायची. बाळ मावशीला चिकटलं आणि कॉलरवालीला मशिन मिळालं. तिथल्या बायका तासाला चोवीस शिवायच्या, ही अठ्ठावीस. दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या मशिनवरची बाई जेवणाच्या सुट्टीत कुठेशी जाऊन आली, आणि आल्यावर बाळाची फार मायेने चौकशी करू लागली.

हे वाचून तुम्हाला कॉलरवालीबद्दल वाईट वाटलं असेल, तर ते साहजिक आहे. तुम्ही कॉलर शिवत नाही.